काय ऐकू आणि काय बघू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिफ्टमध्ये, ठाणे स्टेशनच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर, ऑफिसच्या चहाच्या वेळी, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला लोक विचारतात की काहीतरी चांगलं सांग ना ऐकायला, काहीतरी चांगलं सांग ना बघायला. दर वेळी तीच रेकॉर्ड लावण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतेय. पुढच्या वेळी कुणी विचारलं की सरळ हेच पाठवणार, राग मानू नका.

फक्त एक सिनेमा सांग, एकच, सगळ्यात भारी

नाही सांगणार. म्हणजे भाव खात नाहीये, पण समोर कोण आहे ते कळल्याशिवाय सांगण्यात अर्थच नसतो. शुक्रवारी रात्री अकरा वाजता दमूनभागून सोफ्यावर पडलेल्या माणसाला जो सिनेमा सांगायचा तो रविवारी दुपारी जेवण करून निवांत बसलेल्या माणसाचा नसतो, आणि नवराबायको दोघं बघणार असतील तर वेगळा, सासूसासरे सोबत असतील तर त्याहून वेगळा. म्हणून मी आधी उलट विचारते, कधी बघणार, कुणाबरोबर बघणार आणि शेवटचं काय बघून खरंच मजा आली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या हां, "मी वर्ल्ड सिनेमा बघतो" वगैरे नको, टीव्हीवर लागणारा साऊथचा डब सिनेमा आवडला असेल तर तेच सांगा, त्यावरून मला जास्त कळतं.

पण विचार करायला लावणारा सिनेमा म्हणजे रडका आणि संथच असणार ना?

हा गैरसमज कुणी पसरवलाय देव जाणे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघा, परेश मोकाशींचा, २००९ चा. दादासाहेब फाळके १९१३ मध्ये भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट कसा काढतात त्याची गोष्ट, आणि सगळा सिनेमा हसतखेळत जातो. घरातल्या वस्तू विकल्या जातायत, डोळ्यांवर परिणाम होतोय, आणि हा माणूस कुंडीतल्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात पकडत बसलाय. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून एका पुरुषाला साडी नेसवली हे इतिहासातलं खरं आहे, आणि सिनेमात ते बघताना पोट धरून हसायला येतं. मग दुसऱ्या दिवशी बसमध्ये डोक्यात येतं की त्या काळात काम मागायला येणाऱ्या बाईचं घरी काय झालं असतं. झाला की विचार सुरू!

आणि याच्या उलट टोकाला 'फँड्री', नागराज मंजुळेंचा. त्यातला एकच प्रसंग सांगते. जब्या हा शाळकरी पोरगा आणि त्याच्या घरचे शाळेजवळ डुकराच्या मागे धावतायत, वर्गातली पोरं मजा बघतायत, डुक्कर आता सापडणार, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, मग घरचेही उभे राहतात, आणि डुक्कर निवांत निघून जातं. यावर हसायचं की काय करायचं तेच कळत नाही. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा थिएटरात अर्धे लोक हसले आणि मग एकदम गप्प झाले. माझ्या मते विचार करायला लावणारा सिनेमा तो हाच, जो आधी तुम्हाला हसवतो आणि मग तुम्ही हसलात कशाला असं विचारतो. भाषण देणारे सिनेमे मला झेपत नाहीत, शेवटी हिरो कोर्टात उभा राहून दहा मिनिटं समाजाला झापतो ते तर अजिबातच नाही.

तू सांगितलास म्हणून 'कोर्ट' बघितला. काहीच घडत नाही की त्यात!

कोर्टात काही घडत नाही हेच तर त्यात घडतं हो. ज्यांनी कधी ठाण्याच्या कोर्टात कुठल्या केससाठी चकरा मारल्यात त्यांना विचारा, तारीख मिळणे म्हणजे काय असतं. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिलाच सिनेमा, २०१४ चा. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ओरिझोन्ती नावाच्या विभागात सर्वोत्कृष्ट ठरला, मग आपल्याकडे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि भारताकडून ऑस्करलाही तोच गेला. गोष्ट म्हटली तर एवढीशी आहे. नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या शाहिरावर आरोप, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. शाहिराचं काम वीरा साथीदारांनी केलंय, ते स्वतः नागपूरचे कार्यकर्ते होते, २०२१ मध्ये कोविडने गेले.

पण सिनेमाची खरी गंमत कोर्टाच्या बाहेर आहे, आणि नेमकं तिथेच लोक मोबाइल बघायला लागतात. सरकारी वकीलबाई दिवसभर जुनेपुराणे कायदे वाचून दाखवतात, मग आपल्यासारख्याच लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीला घरच्यांबरोबर नाटकाला जातात, आणि ते नाटक कसलं आहे, प्रेक्षक कशावर टाळ्या पिटतायत तिकडे लक्ष द्या. बचावाचा वकील सुपरमार्केटमध्ये चीज आणि वाइन निवडतोय. दोघं एकाच शहरात राहतात आणि एकमेकांचं शहर त्यांनी बघितलेलंच नाही. कॅमेरा लांब एका जागी ठेवलाय आणि कुठे बघायचं ते तुम्हीच ठरवायचं. तर परत बघा असं नाही म्हणणार, पण कधी रिकामी दुपार मिळाली तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. आणि तरीही नाही आवडला तर सोडून द्या ना, परीक्षा थोडीच आहे.

'सैराट' सोडून मराठी सिनेमा बघितलेलाच नाही. सुरुवात कुठून करू?

हा प्रश्न नवी मुंबईतल्या इंग्लिश मीडियमवाल्यांकडून फार येतो, माझ्या टीममधली निम्मी पोरं तीच आहेत. थेट 'कोर्ट'ने सुरुवात करू नका. 'वळू'ने करा, गावात एक मोकाट वळू आहे, डुरक्या, त्याला पकडायला फॉरेस्ट ऑफिसर येतो आणि अख्खं गाव आपापलं राजकारण त्या वळूच्या नावाने करून घेतं, निखळ धमाल आहे. मग त्याच जोडीचा, म्हणजे उमेश आणि गिरीश कुलकर्णींचा 'देऊळ', केश्या गाय शोधत जातो आणि त्याला झाडाखाली दत्त दिसतात, पुढे गावाचं जे होतं ते आपण आपल्या आजूबाजूला बघतोच आहोत. मग 'किल्ला', कोकणातला पाऊस आणि आईच्या बदलीमुळे तुटलेली शाळा, ज्यांची लहानपणी बदली झालीय ते लोक यात हमखास अडकतात. एवढं पचलं की 'फँड्री', मग 'कोर्ट', मग 'द डिसायपल'.

नवं काही हवं असेल तर 'स्थळ', बघण्याच्या कार्यक्रमावर, विदर्भातला, टोरांटोच्या महोत्सवात २०२३ ला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. सुरुवातच अशी आहे की बायका बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारतायत. ज्या घरात सध्या स्थळं बघणं चालू आहे तिथे मुद्दाम लावा, आणि मामामावश्यांचे चेहरे बघा. 'सबर बोंडं'ने तर २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार आणला. त्यात दोन पुरुषांचं प्रेम आहे आणि तेही गावाकडे, तेराव्या-बिराव्याच्या सुतकात, अतिशय हळुवार. हे बघायला मात्र माणूस निवडून सोबत घ्या.

नुसतं ऐकण्यात काय मजा, समोर दिसायला नको का काही?

'द लंचबॉक्स' बघितलाय ना? त्यातल्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू आठवतात? आता सांगा त्या दिसायला कशा होत्या. त्या दिसतच नाहीत! सबंध सिनेमात फक्त आवाज आहे, भारती आचरेकरांचा, खिडकीतून येतो आणि टोपलीतून मिरच्या-मसाल्याची देवाणघेवाण होते. तरी प्रत्येकाने आपापल्या काकू मनात बघितलेल्या असतात. पॉडकास्टचं, म्हणजे फोनवर हवं तेव्हा लावून ऐकायच्या कार्यक्रमांचं, तेच आहे, चेहरा तुम्ही लावायचा.

पॉडकास्ट ऐकायचं कुठे? पैसे लागतात का?

बहुतेक नाही. स्पॉटिफाय किंवा यूट्यूब फोनमध्ये असेलच, त्यावर चालतं. गूगलचं पॉडकास्ट अॅप २०२४ मध्ये बंद झालं त्यामुळे ते शोधू नका. अँड्रॉइड असेल तर अँटेनापॉड म्हणून एक फुकट अॅप आहे, अॅप स्वतःच्या जाहिराती दाखवत नाही आणि एपिसोड डाउनलोड करून ठेवतं. रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवायची सवय लावाच, कारण कळव्यापुढे एक्स्प्रेस गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की नेटवर्क गुल, आणि ते नेमकं पाहुणा महत्त्वाचं काहीतरी सांगत असतानाच होतं.

मराठीत ऐकण्यासारखं काय आहे?

आता बरंच आहे, पूर्वी नव्हतं. गप्पा आवडत असतील तर 'अमुक तमुक' आणि 'व्हायफळ', दोन्ही ऐकताना आपण त्यांच्याच कट्ट्यावर बसलोय असं वाटतं. मुलाखती हव्या असतील तर सौमित्र पोटेंचं 'मित्रम्हणे', नाटकसिनेमातली माणसं तिथे निवांत बोलतात, प्रमोशनची घाई नसते तेव्हा तर फारच छान. राजकारण, अर्थकारण असं जड हवं असेल तर 'थिंक बँक'. बीबीसी मराठीचं 'सोपी गोष्ट' छोटं असतं, एका वेळी एकच विषय, पेपरात ज्या शब्दांवरून आपण डोळे फिरवतो ते समजावून सांगतात. त्यांचंच 'गोष्ट दुनियेची' थोडं सविस्तर. लोकसत्ताची 'गोष्ट मुंबईची' मालिका खरं तर व्हिडिओ आहे, पण मी ती नुसती ऐकतेसुद्धा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती आपल्या ठाण्याला आली होती, एवढं तरी आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, पण ज्या रस्त्यांवरून रोज जातो त्यांच्याबद्दल काहीच माहिती नसते, ती भूक अशा गोष्टींनी भागते.

माझी एक तक्रार आहे, ती सांगूनच टाकते. मराठी गप्पांच्या कार्यक्रमांमध्ये पहिली आठ-दहा मिनिटं "तू आलास, खूप छान वाटतंय, कधीपासून बोलवायचं होतं" यातच जातात. मी ते सरळ पुढे ढकलते, तुम्हीही ढकला, पाप लागत नाही.

मी मानपाड्याहून ऐरोलीला जाते. काय ऐकू?

अगं, तू म्हणजे मीच की! हा रूट मला तोंडपाठ आहे. घरातून स्टेशनपर्यंतचा घोडबंदर रोड हा सगळ्यात मोठा तुकडा, मेट्रोचं काम आणि कापूरबावडीचा सिग्नल मिळून कधी वीस मिनिटं तर कधी तासभर, काही नेम नाही. आणि मग ठाणे ते ऐरोली ट्रेन जेमतेम दहाएक मिनिटं, दिघा गाव आलं की पुढचं ऐरोलीच. तर बसमध्ये असं काहीतरी लाव जे कुठेही तोडलं तरी चालतं, गप्पा, मुलाखत, इतिहास. ट्रेनमध्ये 'सोपी गोष्ट'सारखं छोटं किंवा मग काहीच नको, दारातून खाडी बघ. वाशीला किंवा पनवेलला जाणाऱ्यांना बसायला जागा मिळाली तर त्यांचा नंबर वेगळा, त्यांनी मोठी गोष्ट ट्रेनमध्येच ऐकावी. सस्पेन्सवालं काही सकाळी लावू नको हे मात्र सांगते, कारण उतरायचं स्टेशन जातं आणि मग रबाळ्याहून परत यावं लागतं.

पाच-पाच तासांचे एपिसोड ऐकतं तरी कोण?

मी ऐकते. अमित वर्मांचं 'द सीन अँड द अनसीन', इंग्रजीत आहे, २०१७ ला सुरू झालं तेव्हा वीसेक मिनिटांचं असायचं, आता एकेक एपिसोड पाच तास, कधी आठ तास. लोकांना वाटतं एवढं सलग बसून ऐकायचं. कुणी सांगितलं सलग? एक एपिसोड मला आठवडा पुरतो, भांडी घासताना, बसमध्ये, उपवनला चालताना. आणि लांबीचा फायदा असा की पहिल्या तासात पाहुणा त्याची पाठ केलेली उत्तरं देऊन संपवतो, नंतर जे बोलतो ते खरं असतं. बालपण, वडिलांशी भांडण, फसलेलं काम. एवढ्या निवांतपणे कुणाचं ऐकून घ्यायला घरी तरी वेळ असतो का कुणाला.

हिंदीत असंच रमणारं हवं असेल तर आज तक रेडिओचं 'तीन ताल', तिथे तिघं मिळून जे बोलतात त्याला विषय लागतच नाही, कचोरीपासून सुरुवात करून ते स्मशानापर्यंत पोचतात. हिंदी पट्ट्यातली बोली ऐकायला काय गोड लागते! माझ्या एका मैत्रिणीला मात्र ते अजिबात झेपलं नाही, तिला मुद्दा लवकर हवा असतो, तिला मी बीबीसीच्या 'इन अवर टाइम'वर सोडलं, तिथे तीन प्राध्यापक पाऊण तासात विषय संपवून मोकळे. आता ती खूश.

क्राइमवालं सांग ना काहीतरी, रात्री झोपताना ऐकायला

झोपताना खून? बरं. 'सिरियल'चा पहिला सीझन, २०१४ चा, त्याने या प्रकाराची लाट आणली असं म्हणायला हरकत नाही. बाल्टिमोरमध्ये १९९९ साली एका शाळकरी मुलीचा खून झाला, तिच्या आधीच्या मित्राला, अदनान सय्यदला जन्मठेप झाली, आणि पत्रकार सारा केनिग बारा भाग खणत बसते की नक्की त्यानेच केलं का. तो कार्यक्रम संपला पण केस संपली नाही, २०२२ ला शिक्षा रद्द होऊन तो सुटला, पुढच्या वर्षी दोषी ठरवणारा निकाल परत लागू झाला, आणि २०२५ ला कोर्टाने दोषी ठरवणं कायम ठेवून भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हटलं.

मला हे ऐकताना एक गोष्ट टोचत राहते, ती तुम्हीही डोक्यात ठेवा. जी मुलगी गेली तिचे घरचे आहेत, आणि आपण हेडफोन लावून अंदाज बांधतोय की कुणी मारलं असेल. ऐकू नका असं म्हणत नाहीये, मी स्वतः ऐकलंय. पण केवळ रक्ताची वर्णनं करणारे आणि मागे भीतीदायक म्युझिक लावणारे जे कार्यक्रम आहेत ते मी कुणाला सुचवत नाही, कितीही पॉप्युलर असोत.

आईला पॉडकास्टची सवय लावायची आहे, कशी लावू?

नवीन अॅप टाकून देऊ नका, पहिली चूक तिथेच होते. व्हॉट्सअॅपवर स्पॉटिफायची लिंक पाठवली की ती उघडते, लॉगिन मागते, आई फोन बाजूला ठेवते, विषय संपला. यूट्यूबची लिंक पाठवा, ते त्यांना येतं. आणि विषय तुमच्या आवडीचा नको. आमच्या आईला मी आधी इतिहास ऐकवायला गेले, नाही जमलं, मग जुन्या नाटकवाल्यांच्या मुलाखती लावून दिल्या तेव्हा मेथी निवडता निवडता ती मध्येच थांबून, "हा प्रयोग आम्ही गडकरीला बघितला होता, बाल्कनीत बसून" असं सांगायला लागली. आता तिला थांबवायचं कसं हा प्रश्न आहे. तीच मला सांगते काय ऐकायचं.

मुलांबरोबर बघण्यासारखे?

'एलिझाबेथ एकादशी'. पंढरपूर, वडिलांनी बनवलेली सायकल, ती विकली जाऊ नये म्हणून यात्रेत बांगड्यांचं दुकान टाकणारी पोरं. 'टिंग्या'ही छान पण त्यात बैलाचं दुःख आहे, लहानग्याला झेपेल का ते तुम्ही बघा. माजिद मजिदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' इराणी आहे, बहीणभावात एकच बुटांची जोडी, सबटायटल वाचता येत नसतील तरी मुलांना सगळं कळतं. आमच्या विंगमधल्या पोरांनी तो बघितल्यावर पॅसेजमध्ये बूट बदलून पळायचा खेळ सुरू केला होता, शेजारचे काका वैतागले.

सबटायटल वाचायचा कंटाळा येतो

मग १९५७ चा '१२ अँग्री मेन' राहू द्या, त्याच कथेवरचा हिंदी 'एक रुका हुआ फैसला' बघा, बासू चटर्जींचा. पण मी म्हणेन जमलं तर मूळ बघाच, दीड तासाचा आहे, खटल्याचा निकाल ठरवणारी बारा माणसं, एक खोली, एका पोराचा जीव पणाला लागलाय, आणि अकरा जणांना घरी जायची घाई आहे. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने कॅमेरा आधी वर ठेवलाय आणि हळूहळू खाली आणलाय, त्यामुळे शेवटी शेवटी छत दिसायला लागतं आणि खोली अंगावर आल्यासारखी होते. सोसायटीच्या मीटिंगला पार्किंगच्या विषयावर बसलेल्या प्रत्येकाने बघावा.

घरात आजारपण आहे, डोकं शांत होईल असं काही सांग

इथे मी फार जपून सांगते. 'श्वास' अप्रतिम आहे, २००४ ला भारताकडून ऑस्करला गेला, पण त्यात नातवाच्या डोळ्यांच्या कॅन्सरची गोष्ट आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या माणसाला 'श्वास' सुचवणं म्हणजे काय ते सांगायला नको. तसंच 'अस्तु'. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे विद्वान आहेत, स्मृती जातेय, आणि एक दिवस ते रस्त्यावरच्या हत्तीच्या मागे निघून जातात. मुलगी वेडीपिशी होऊन शोधतेय आणि तिकडे माहुताची बायको या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं भरवतेय. ती अमृता सुभाष आहे, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यातल्या काहींना तो सिनेमा फार जवळचा वाटतो आणि काहींना पंधरा मिनिटंही बघवत नाही. म्हणून मी आधी सांगते त्यात काय आहे, मग ते ठरवतात. आजारपणात खरं तर 'तीन ताल' किंवा 'वळू'च बरे.

मला दुसऱ्यांना सुचवायचं असतं पण कुणी मनावर घेत नाही

कारण तुम्ही "मस्ट वॉच!!!" लिहून सोळा लिंका एकत्र टाकता. ग्रुपवर टाकलेली सूचना कुणाचीच नसते. एका माणसाला, एका वेळी एकच गोष्ट पाठवा, आणि त्यालाच का पाठवताय ते लिहा. मी साधारण असं लिहिते:

"दादा, तुम्ही परवा बदलीबद्दल बोलत होतात त्यावरून आठवलं. 'किल्ला' बघा, मराठी, दोन तासांच्या आत आहे. सुरुवात हळू आहे, पाऊस सुरू झाला की पकड घेतो. मुलाला घेऊन बघितलात तरी चालेल."

बस. भाषा, किती वेळ लागेल, कुठे कंटाळा येऊ शकतो आणि सोबत कोण चालेल. गोष्ट सांगू नका, पुरस्कारांची यादी देऊ नका (मी इथे दिलीय ती वेगळी गोष्ट, इथे माणूस समोर नाहीये). पॉडकास्ट असेल तर "बाराव्या मिनिटापासून ऐक" असं लिहा, या एका ओळीमुळे लोक खरंच ऐकतात.

आणि मग किती दिवसांनी विचारायचं, बघितलास का म्हणून?

विचारायचं नाही.

तू सुचवलेलं मला नाही आवडलं, सांगू का?

सांगा की, बिनधास्त सांगा. "छान होता" म्हणून विषय टाळणाऱ्यांपेक्षा "अर्ध्यात झोपलो" म्हणणारे मला जास्त उपयोगी पडतात, पुढच्या वेळी नेम लागतो. 'द डिसायपल' आवडला नाही असं मला एका गाणं शिकणाऱ्या मुलाने सांगितलं. वीस-वीस वर्षं रियाज करून माणूस साधाच राहतो हे त्याला बघवेना. मला ते उत्तर कुठल्याही परीक्षणापेक्षा भारी वाटलं.

टेलिग्रामवर सिनेमाची लिंक आहे, पाठवू?

नको.

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून दाखवूया का?

घरी चार मित्र बसून बघणं वेगळं आणि अख्ख्या सोसायटीला बोलवून दाखवणं वेगळं. आपलं ओटीटीचं सबस्क्रिप्शन हे घरगुती वापराचं असतं, जाहीर खेळ करायचा तर निर्मात्याची किंवा वितरकाची परवानगी लागते, तिकीट नसलं तरीही. छोट्या सिनेमांचे लोक विचारलं तर बऱ्याचदा बोलतात, मेल करून बघायला काय जातंय. आणि परवानगी मिळाली तर डास मारायची अगरबत्ती आणि चहा याची सोय आधी करा, तलावांच्या शहरात राहतो आपण.

दीडपट स्पीडवर ऐकलं तर चालेल?

बातम्या, माहिती, खुशाल. गप्पा आणि गोष्टी नाही. माणूस बोलता बोलता थांबतो ना, तेही ऐकायचं असतं.

हेडफोन नसेल तर ट्रेनमध्ये स्पीकरवर...

अजिबात नाही! तुमची आवड कितीही उच्च असो. आणि हेडफोन असला तरी रस्ता ओलांडताना एक कान मोकळा ठेवा, घोडबंदरला उलट्या बाजूने बाइकवाले येतात.

मी तुला काही सुचवू का?

हो, हो, नक्की. रात्री दहानंतर भुताचं पाठवू नका, मोटिवेशनल तर कुठल्याच वेळी नको. आणि आगरी-कोळी बोलीत चांगल्या गप्पांचं पॉडकास्ट कुणाला माहीत असेल तर ते आधी पाठवा, कॉमेडी रील्स नकोत, त्या भरपूर आहेत. बेलापूर, दिवाळे, घणसोली, कोलशेत, बाळकुम या गावांमधली जुनी माणसं खाडीबद्दल, मिठागरांबद्दल, जमिनी गेल्या त्याबद्दल निवांत बोलतायत असं काहीतरी. लांबी कितीही चालेल.